कॅमेऱ्याचा विमा आणि मानाचा नारळ

आमच्या घरात तांदळाचे दोन डबे होते. एकात खायचा तांदूळ, दुसऱ्यात कॅमेरा. दुसऱ्या डब्यातही तांदूळच, पण तो शिजवायचा नाही. पावसाळ्यात पेणची हवा अशी असते की खुंटीला लावलेल्या कातडी पट्ट्यालासुद्धा बुरशी चढते, मग काचेचं काय घेऊन बसलात. लेन्सच्या आत एकदा जाळं धरलं की ते पुसून निघत नाही, कारण ते आतल्या अंगाला असतं. म्हणून कॅमेरा आणि दोन्ही लेन्स मलमलच्या पिशव्यांत घालून मी तांदळात पुरून ठेवायचो. ऊन असेल तर उन्हात, नसेल तर तव्यावर, महिन्यातून एकदा तो तांदूळ गरम करून घ्यायचो. बायको म्हणायची, पोरांना एवढं जपलं असतंत तर ती मुंबईला पळाली नसती.

मी चौथी शिकलेला माणूस. शाळा वडिलांनी सोडवली नाही, मी सोडली. मास्तरांनी छडी मारली ती दुसऱ्याच्या चुकीची होती. ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, ते घरी बोलवायला आले, तरी मी गेलो नाही. वडिलांबरोबर मिठागरावर जायला लागलो. पुढे रोह्याला केमिकल कंपन्या आल्या तेव्हा तिथे हेल्पर म्हणून लागलो आणि तिथेच ऑपरेटर होऊन रिटायर झालो. आठवडाभर रोह्याला खोलीवर, सुट्टीला पेणला रामवाडीत घरी, असं माझं आयुष्य गेलं.

फोटो काढायला मी कंपनीतच शिकलो. कुठे पाइप फुटला, कोणी भाजला, मोटर जळाली की विम्यासाठी फोटो लागायचे. ते काम एका साहेबाकडे होतं, पण त्यांना रक्त बघवत नसे. एकदा त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. साहेबांनी एवढंच शिकवलं होतं: जिथे मोडलंय तिथला फोटो काढायचाच, पण शेजारी तसंच न मोडलेलं काही असेल तर त्याचाही काढायचा. आधी कसं होतं ते कळल्याशिवाय नंतर काय झालं ते कळत नाही. माझ्या फोटोंवर कंपनीला नुकसानीचे पैसे मिळायचे. नवा पाइप यायचा, नवी मोटर यायची. माणसाचं तेवढं जमत नसे. पण वस्तूला विमा असला की वस्तू मरत नाही, अशी माझी तेव्हापासून समजूत झाली.

रिटायर झाल्यावर फंडाचे पैसे आले त्यातून पनवेलला जाऊन कॅमेरा घेतला. एक साधी लेन्स, एक जवळचं बारीक टिपणारी, आणि तिपाई. पोरं फोनवरून हसली. बाबा या वयात कोणाचे फोटो काढणार, म्हणाली. मी सांगितलं नाही. बायकोलाही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं.

बायकोचं माहेर हमरापूरचं. तिच्या भावाचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे बांबूवर ताडपत्री घातलेली लांबलचक शेड, आत फळ्यांच्या मांडण्या आणि त्यांवर पांढऱ्या मूर्ती. त्या घरातल्या सगळ्या बायका रंगकाम करतात, पण डोळे काढायचं काम, ज्याला तिथे आखणी म्हणतात, ते सगळ्यांना येत नाही. माझ्या बायकोला येतं. लग्न झालं तरी दर वर्षी हंगामाला ती माहेरी जाऊन आखणी करत आली. श्वास धरून बसायची. ब्रश टेकवला की उचलेपर्यंत आजूबाजूला कोणी बोलायचं नाही. मातीचा गोळा समोर असायचा, आणि तिने दुसरा डोळा पुरा केला की तो आपल्याकडे बघायला लागायचा. मी देवभोळा नाही, पण हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आणि हे सगळं पाण्यात जायचं. दीड दिवस, पाच दिवस, फार तर अनंत चतुर्दशी. चाळीस-पन्नास वर्षं तिने डोळे काढले आणि त्यातला एक डोळा कुठे शिल्लक नाही. मी मिठागरावर घातलेला बांध अजून आहे, लोक त्यावरून चालतात. तिचं काहीच नाही. म्हणून मी कॅमेरा घेतला. तिने आखलेल्या प्रत्येक मूर्तीचे दोन फोटो काढायचे, डोळ्यांच्या आधी एक आणि नंतर एक. कंपनीतली सवय.

सासरवाडीत मला तशी किंमत नव्हती. हातात कला असलेलं घर ते, आणि मी खाजणातला, खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढलेला. मेव्हणा चारचौघांत म्हणायचा, आमच्या दाजींना मिठाचा ढीग चांगला लावता येतो हो. मी ऐकून घ्यायचो, कारण खरंच होतं. त्या कारखान्यात एक रीत आहे. चतुर्थीच्या सकाळी शेवटची मूर्ती निघून मांडण्या रिकाम्या झाल्या की त्या हंगामात मूर्तीला ज्याचा ज्याचा हात लागला त्याला मेव्हणा नारळ, विडा आणि अकरा रुपये देतो. माती मळणाऱ्याला तेच आणि आखणी करणाऱ्या बहिणीलाही तेच. पगार वेगळा, हा मान वेगळा. इतकी वर्षं मी दाराशी उभा राहून बायकोची पिशवी धरायचो. कॅमेरा घेतल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मेव्हण्याने सगळ्यांना नारळ वाटले आणि शेवटी मला हाक मारली. "दाजी, इकडं या. तुमचा पण हात लागलाय." मी चप्पल काढून गेलो. नारळ हातात घेतला तेव्हा काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही. अकरा रुपये अजून घडी करून ठेवलेले आहेत.

विम्याचं डोक्यात आलं ते एकदा एसटीत. शेजारचा माणूस माझी कॅमेऱ्याची पिशवी आपली म्हणून घेऊन उतरत होता. चुकून की मुद्दाम, देव जाणे. मी ती ओढून घेतली आणि घरी येईपर्यंत मांडीवर धरून बसलो. हा गेला तर दुसरा घ्यायची ऐपत माझ्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी बिल घेऊन पेणमधल्या विम्याच्या कचेरीत गेलो. टेबलावर एक बाई होत्या. म्हणाल्या, घरातल्या सामानात धरू, हप्ता अगदी थोडा आहे, पण घराच्या बाहेर नेलात तर लागू नाही. मी विचारलं, मग घरात कशाचे फोटो काढू, पाण्याच्या टाकीचे? बाई हसल्या. हसण्यासारखं नव्हतं.

मग पनवेलच्या दुकानदाराकडे गेलो. त्याने सांगितलं, घेतानाच वर्षाचा काढायला हवा होता, आता वापरलेल्या वस्तूला देत नाहीत. त्यानेच आणखी एका कचेरीचा पत्ता दिला. तिथे स्टुडिओवाल्यांसाठी विमा होता, घरीदारी सगळीकडे लागू. पण हप्ता असा की तेवढे पैसे बाजूला टाकले तर काही वर्षांत नवा कॅमेरा येईल. मी त्या साहेबाला तसं बोललो. तो म्हणाला, मग बाजूला टाका. मी उठून आलो. पुढे दोन महिने नाद सोडून दिला आणि पिशवी छातीशी धरून फिरलो. एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखी पिशवी धरून चाललाय, हे माझं मलाच बघवत नव्हतं.

शेवटी रोह्याला सोय झाली. कंपनीत माझ्या हाताखाली एक जण होता, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. कंपनीने माणसं कमी केली तेव्हा तो बाहेर पडला आणि विमा एजंट झाला. एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल टाकून बसायचा. त्याने चार ठिकाणी फोन केले, आठ दिवसांनी बोलावलं. नागोठण्यावरून भिसे खिंडीतून गाडी जाते, दीड-दोन तास लागतात. मी पोचलो तर फॉर्म भरून तयार.

"दादा, इथं दोन चौकोन हायत. हौशी आणि धंदेवाईक. आपण हौशीवर खूण करतो, निम्म्या हप्त्यात बसतंय."

मी म्हटलं, हौस पोरींना असते. मी काम करतो.

"काम करता हो. पण त्याचे पैसे येतात का?"

"नाय."

"मग हौशीच. दादा, उगा वाद नको. घरी, बाहेर, पावसापाण्यात, सगळीकडं लागू हाय. यापेक्षा स्वस्त पूर्ण जिल्ह्यात मिळणार नाय."

मी सही केली. नारळाचं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मानाला मी पैसे समजत नव्हतो. लपवलं असं कोणी म्हणेल, म्हणून हे लिहून ठेवतो.

तीन वर्षं हप्ता भरला. कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा आला नाही. बायको म्हणायची, डब्यात तांदूळ तुमचा आणि कागद तुमचा, खाऊ घाला एकमेकांना.

चौथ्या वर्षी तिचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाचा आवाज व्हायचा. मग सुईत दोरा जाईना. पेणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की हे थोडं लांबवता येईल, मागे नेता येणार नाही. मी तिला काही बोललो नाही. हंगाम जवळ आला तसं तीच भावाला म्हणाली, यंदा थोड्याच मूर्ती दे, चाळीसेक, आणि पुढच्या वर्षापासून दुसरीला शिकव. घरी आल्यावर मला म्हणाली, "यंदाचे नीट काढा. सगळे काढा, एक पण सोडू नका." एवढ्या वर्षांत तिने फोटोंबद्दल आपणहून मागणं केलं ते हे एकच.

चतुर्थीला तीन आठवडे असतील. चाळीस मूर्ती अंगाच्या रंगाने पुऱ्या होऊन मांडणीवर रांगेत उभ्या होत्या, फक्त डोळ्यांच्या खोबण्या पांढऱ्या. त्या दिवशी उजेड चांगला होता म्हणून मी एका दमात सगळ्यांचे आधीचे फोटो काढून घेतले. दुसऱ्या दिवशी तिने आखणी सुरू केली. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायची आणि मग ब्रश टेकवायची. पहिल्या मूर्तीला जिथे पूर्वी चहा निवायच्या आत व्हायचं, तिथे अर्धी सकाळ गेली. पण डोळे उतरले ते पूर्वीसारखे. मी तिपाई लावली. कोणता तरी ढग आला होता म्हणून म्हटलं, थांबू थोडं, उजेड येऊ दे.

उजेड आला नाही, सर आली. ताडपत्रीला वरती झोळ पडला होता, त्यात सकाळपासून पाणी साठत होतं. मेव्हणा दर तासाला बांबूने ते ढोसून बाहेर काढायचा, त्या दिवशी गिऱ्हाईक आलं म्हणून राहिलं. शिवण उसवली आणि दोन घागरी पाणी सरळ माझ्या तिपाईवर पडलं. मूर्तीवर थेंब नाही. सगळ्यांनी हात जोडले, मूर्ती वाचली म्हणून. मीही जोडले. कॅमेरा खाली आपटून चिखलात पडला होता. लेन्सच्या आत पाणी हलताना दिसत होतं.

तांदळात ठेवून बघितला, आठ दिवस. आतलं कार्ड चांगलं निघालं, कॅमेरा मेला होता. पेणच्या दुरुस्तीवाल्याने उघडून परत दिला. पण तोपर्यंत मला तशी काळजी नव्हती. विमा होता. कॅमेरा पडला त्याच दिवशी मी एजंटला फोन केला होता, आणि तोही म्हणाला होता, दादा, बिनघोर राहा. पनवेलच्या दुकानदाराशी तो बोलून ठेवणार होता की मंजुरीचं पत्र आलं की कॅमेरा हातात द्यायचा. बायकोलाही मी तसंच सांगितलं. पहिली मूर्ती गेली, दुसरी गेली, पण बाकीच्यांचे निघतील.

फोन केल्यापासून चौथ्या दिवशीच विमा कंपनीचा सर्व्हेअर आला होता. कोवळा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, बूट चिखलात भरले म्हणून हिरमुसलेला. मला आजोबा म्हणायला लागला तिथेच माझं बिनसलं. पडलेली जागा बघितली, उसवलेली शिवण बघितली, कॅमेऱ्याचे फोटो काढले. तेही तिरपे काढले, शेजारी चांगलं काय होतं त्याचे काढलेच नाहीत. मग मांडणीकडे बघून म्हणाला, "आजोबा, एवढं दर वर्षी येऊन फोटो काढता, आणि फुकट?"

कारखान्यात दहा-बारा माणसं होती. बायको होती, मेव्हणा होता. मी हो म्हणायचं होतं, तेवढंच. पण तो शब्द मला लागला. आयुष्यात मी फुकट काही केलं नाही आणि फुकट काही घेतलं नाही.

मी म्हटलं, "फुकट कशाला? मला इथं मान आहे. आखणी करणाऱ्याला जो नारळ आणि अकरा रुपये मिळतात, तोच मला मिळतो. दर वर्षी."

त्याने विचारलं, दर वर्षी? मी म्हटलं, व्हय, दर वर्षी, विचारा यांना. मेव्हण्यानेही छाती पुढे काढून सांगितलं, आमचे दाजी काय परके नाहीत, हाताला हात लावणारा माणूस आहे तो. पोराने लिहून घेतलं. खाली माझी सही घेतली. मी जोरात केली, कागद फाटेल अशी.

दहा दिवसांनी पत्र आलं. इंग्रजीत होतं, ते एजंटने फोनवरून समजावलं. हौशी म्हणून विमा घेतला आणि कॅमेरा कमाईच्या कामात वापरला, दर वर्षी मोबदला घेतल्याचं स्वतः लिहून दिलंय, सबब क्लेम नामंजूर. मी म्हटलं, अकरा रुपये म्हणजे कमाई? तो म्हणाला, त्यांना अकरा काय आणि अकरा हजार काय, दादा. पण वाट आहे. आधी बोललो ते समजुतीच्या घोटाळ्याने बोललो, मला काही मिळत नाही, असा एक कागद मी करतो. तुमची सही आणि कारखान्याच्या मालकाची. वरचा साहेब ओळखीचा आहे, तीन-चार दिवसांत फिरवून घेतो.

मेव्हणा लगेच तयार झाला. आणा कागद, दहा सह्या करतो म्हणाला. मी नाही म्हटलं. जे घेतलं ते घेतलं, नाही घेतलं असं मी लिहून देणार नाही. मेव्हणा मला समजावत राहिला की कागदावर लिहिल्याने काय होतंय, नारळ काय परत मागणार आहे मी? मी उठून बाहेर गेलो. पेणचा एक स्टुडिओवाला बिचारा स्वतःहून येऊन फोटो काढून देतो म्हणाला, त्यालाही मी वाटेला लावलं. मेव्हण्याच्या सुनेने मोबाईलवर दोन-चार काढले, तेव्हाच्या मोबाईलचे ते, डोळ्यांच्या जागी नुसते काळे ठिपके. मी म्हटलं, पुसून टाक ते.

इकडे मूर्ती जात होत्या. बायको मनगट धरून आखत होती आणि रोज तीन-चार टेम्पोत चढत होत्या. शेवटी एका दुपारी, जेवण झाल्यावर, ताट घासता घासता म्हणाली, "तुमाला मान मिळाला तेव्हा सगळ्यांत जास्त मला बरं वाटलं होतं. पण आता द्या ना लिहून. माझ्यासाठी द्या. हे डोळे परत नाय काढता येणार मला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी रोह्याला गेलो. खरं सांगतो, सही करायचीच म्हणून गेलो. खिशात स्वतःचं पेन होतं. एजंटने कागद टाइप करून ठेवला होता, मराठीत, मला वाचता यावा म्हणून. मी बोट ठेवून वाचला. "सदर कारखान्यात माझा कोणताही कामाचा संबंध नाही. मी तेथे केवळ करमणुकीसाठी जातो. मला कोणताही मोबदला, भेट अथवा मान मिळालेला नाही." मान हा शब्द त्याने माझ्याच बोलण्यातून उचलून घातला होता, क्लेम पक्का व्हावा म्हणून. मी म्हटलं, एवढा शब्द काढ. तो म्हणाला, दादा, तोच तर मुद्दा आहे, तो काढला तर कागदाला काय अर्थ. झेरॉक्सचं मशीन शेजारी चालू होतं. त्याने चहा मागवला, तो मी प्यालो. मग कागद तसाच टेबलावर ठेवून, त्यावर त्याचंच पेपरवेट ठेवून, मी उठलो. तो मागून दोनदा दादा दादा म्हणाला.

घरी आलो तेव्हा बायको दारात होती. म्हणाली, झालं? मी म्हटलं, झालं.

खिंडीतून येताना मी ठरवलं होतं की सांगू, नाही जमलं म्हणून सांगू. तिचं तोंड बघितलं आणि तोंडातून ते निघालं. बांधाला एक भोक राहिलं की भरतीचं पाणी काय करतं हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी.

तिने दुसऱ्या दिवशी भावाला सांगितलं, शेवटची मूर्ती मागे ठेव, कॅमेरा येतोय. ती मूर्ती तिने सगळ्यांत शेवटी आखली होती आणि तिच्या मते ती साधली होती. मांडणीच्या वरच्या फळीवर, कोपऱ्यात, अंगावर पांढरं फडकं टाकून ठेवली. ज्यांची होती ते गावातलेच होते, मेव्हण्याने त्यांना चतुर्थीच्या सकाळपर्यंत थांबायला सांगितलं. रोज संध्याकाळी बायको विचारायची, काय म्हणतो तुमचा तो रोह्याचा? मी म्हणायचो, येईल. येईल म्हणताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. ती फडकं सरकवून त्या मूर्तीवरची धूळ फुंकायची आणि पुन्हा झाकायची.

चतुर्थीच्या सकाळी ते लोक पाट घेऊन आले. घरात भटजी खोळंबलेत म्हणाले. मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. बायकोने स्वतः फडकं काढलं, दोन पावलं मागे सरून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, न्या. त्यांनी रुमालाने मूर्तीचं तोंड झाकलं, गजर केला आणि गेले. मांडण्या रिकाम्या झाल्या.

मग मेव्हण्याने नारळांचं पोतं सोडलं. माती मळणाऱ्याला दिला, रंगवाल्या बायकांना दिला, बहिणीला दिला. तिच्या हातात नारळ थरथरत होता. पोतं रिकामं झालं आणि त्याने ते झटकून घडी घातली. मला हाक मारली नाही. यंदा माझं काम अर्ध्यावरच राहिलं होतं, त्याला हात लागला म्हणत नाहीत. त्याने रागाने नाही केलं, रीतीने केलं, आणि त्याचं बरोबर होतं. उगाच गोडीने दिला असता तर मीच घेतला नसता. मी बायकोची पिशवी धरली आणि आम्ही घरी आलो.

पुढच्या हंगामाला ती बसली नाही. आता तिला कप मी धरतो. नवा कॅमेरा घेतला नाही. तांदळाचा दुसरा डबा बायकोने शेजारणीला देऊन टाकला. विम्याच्या नूतनीकरणाचं पत्र मात्र पुढच्या वर्षी आलं. तपशिलात कॅमेरा, लेन्स दोन, तिपाई एक, सगळं जसंच्या तसं लिहिलेलं होतं.

कार्डावरचे फोटो मी पेणला छापून आणले. चाळीस मूर्ती, चाळीस कोरी तोंडं. अल्बममध्ये लावावेत की नाही हे कळेना, म्हणून पाकिटातच ठेवले. एका दुपारी तिने ते मागितले. मी एकेक समोर धरत गेलो. मला वाटलं रडेल. ती सांगायला लागली. याला जरा खाली बघणारे काढले होते, घरात लहान पोरं आहेत त्यांच्या. याची डावी पापणी हलली होती, मग सावरली. हा रागीट झाला होता, पण त्यांना आवडला. मी फोटोत बघत होतो, मला खोबण्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

शेवटचा फोटो आला तेव्हा तो तिने पाकिटावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "रोह्याला तुमी सही केलीच नव्हती ना?"

"नाय."

"मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमचं पेन खिशाला उलटं लावलेलं होतं, गेलात तेव्हा लावलं होतं तसंच."

मी विचारलं, मग मूर्ती कशाला मागे ठेवायला लावलीस गो?

ती म्हणाली, "तुमी परत जाल वाटलं."

पाकीट तिने माझ्या हातात दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवा म्हणाली. मी पहिला फोटो काढून तिच्यासमोर धरला.